माजी वाचक

हडपसरच्या गाडीतळावर उभं राहून मान वर केली, की आकाशाच्या आधी फ्लेक्स दिसतात. वाढदिवसाचे, निवडीचे, दहावीच्या निकालाचे, आणि कोणाचे का आहेत ते कळत नाही असे. त्यावरचा प्रत्येक दुसरा माणूस माजी असतो. माजी नगरसेवक, माजी उपसरपंच, माजी अध्यक्ष, आणि एकदा तर मी ‘माजी इच्छुक’सुद्धा वाचल्याचं आठवतं, पण ती कदाचित छापखान्याची गडबड असेल. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली तेव्हा सगळं सभागृहच एका रात्रीत माजी झालं. त्यानंतर एकाही फ्लेक्सवरचा फोटो इंचभरही लहान झाला नाही. हात जोडलेले तसेच, पांढरे कपडे तसेच, गाडीही तीच. उलट हडपसरात आजी माणसापेक्षा माजी माणूस सुखी दिसतो. आजी माणसाला लोक ड्रेनेजचं काम सांगतात, माजी माणसाला नुसता नमस्कार घालतात.

हे सगळं रोज पाहून मला धीर आला आणि मी घरात जाहीर केलं, की मी आता माजी वाचक आहे. वाचनातला रस गेला. कुठल्या पुस्तकाच्या कितव्या पानावर गेला त्याची नोंद नाही, पण गेला हे नक्की.

मराठी मध्यमवर्गीय घरात माणसाला काहीही सोडायची मुभा असते. साखर सोडली तर कौतुक होतं, तंबाखू सोडली तर पेढे वाटतात, पक्ष सोडला तर हल्ली मंत्रिपदसुद्धा मिळतं. पण वाचन सोडलं म्हणालात, की घरातली माणसं टीव्हीचा आवाज खाली आणतात. बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही ठीक आहात ना?” सून काही बोलली नाही, पण त्या दिवशी मला न मागता दुसऱ्यांदा चहा मिळाला.

सदाशिव पेठेतल्या मित्राचा फोन तासाभरात आला. “बी-ट्वेल्व्ह तपासलंस का?” हा त्याचा पहिला प्रश्न. दुसरं वाक्य प्रश्न नव्हतं, निकाल होता. “तू हडपसरला राहायला गेलास तेव्हाच मी म्हणालो होतो.” या मित्राच्या मते वाचनसंस्कृती पूलगेटच्या स्टँडपर्यंत येते आणि तिथून परतीची बस पकडते. त्याचा दाखला पक्का आहे. अप्पा बळवंत चौक त्याच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं, आणि आमच्याकडे काय, तर भाजी मंडई आणि आयटी पार्क. तो स्वतः अलीकडे काय वाचतो, असं विचारल्यावर म्हणाला, “सध्या पुनर्वाचन चालू आहे.” पुनर्वाचन हा फार सोयीचा उद्योग आहे. त्यात पुस्तक उघडावं लागत नाही.

मग औषधं सुचवणाऱ्यांची रांग लागली. वाचन गेलेल्या माणसाला आपल्याकडे कावीळ झालेल्या माणसासारखी वागणूक मिळते, म्हणजे भेटेल तो उतारा सांगतो. बहिणीने सकाळी उपाशीपोटी दासबोधाचा एक समास सांगितला. सुनेने किंडल हातात दिलं. त्यात हजारो पुस्तकं मावतात असं ती म्हणाली, तेव्हा मला उत्साह वाटण्याऐवजी धडकी भरली. मेव्हण्याने ऐकायची पुस्तकं सुचवली. ती मी बसमध्ये ऐकून पाहिली. मगरपट्टा चौकातल्या सिग्नलला नायक नायिकेला काहीतरी फार महत्त्वाचं सांगत होता आणि आमच्या ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो मुंढव्याच्या फाट्यापर्यंत उचलला नाही. नायिका रडत का होती ते मला अजून माहीत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर फारसा बदललेला नसतानाही नवा चष्मा दिला. आता मला पुस्तकाची किंमत जवळून, मधून आणि लांबून अशी तिन्ही अंतरांवरून स्वच्छ दिसते, आणि तिन्हीकडून ती जास्तच वाटते.

मोबाइलवर सगळे खापर फोडतात. मला ते पटत नाही. मोबाइल बिचारा नंतर आला. शिवाय लोक वाचत नाहीत असं ज्याला वाटत असेल, त्याने डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो तेव्हा तिथे गाडी लावायला जागा शोधून दाखवावी. २०२३ पासून दरवर्षी तिथे माणसं पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. वाचन मरतंय वगैरे मोठी गोष्ट मला सांगायचीच नाही. सगळं नीट चाललं आहे. फक्त मला मजा येईनाशी झाली आहे.

आणि पूर्वी यायची, हाच तर घोळ आहे. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलो तेव्हा कंपनीच्या बसमध्ये पहिल्या पाळीला पहाटे बसायचो, आणि हातात बाबूराव अर्नाळकर असायचे. या माणसाने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे संपायची भीती नव्हती. त्यांचा नायक झुंजार एखाद्या अंधाऱ्या खोलीत शिरला, की मागच्या सीटवरचा फिटर माझ्या खांद्यावरून वाचत असायचा. माझ्यापेक्षा त्याचा वेग जास्त. मी एखाद्या ओळीवर रेंगाळलो, की मागून आवाज यायचा, “पान उलटा की राव!” पुढे पुढे तो सुट्टीवर असला तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. गेटवर बस थांबली तरी आम्ही दोघं उतरायचो नाही. सुपरवायझर खिडकीवर थाप मारून म्हणायचा, “खून कोणी केला ते कळलं असेल तर पंच करा.” पुस्तकाला ना पुठ्ठा होता ना प्रस्तावना. दिवाळीत ‘आवाज’ हाती आला, की त्यातल्या खिडकीचित्रांच्या खिडक्या आपल्या आधी कोणीतरी उघडून ठेवलेल्या असायच्या आणि ते कोणी केलं यावर कॅन्टीनमध्ये चौकशी बसायची. तो अंक दिवाळीपासून होळीपर्यंत पुरायचा.

आता काय होतं ते सांगतो. ग्रामीण कादंबरी घेतली आणि पहिल्या प्रकरणात बैलाला नाव दिलेलं दिसलं, की तो बैल शेवटी विकला जाणार हे मला कळतं. ज्यांना नावं नसतात ते बैल सुरक्षित असतात. शहरी कथेत बाई खिडकीशी उभी राहिली, की पुढची चार पानं पाऊस. ऐतिहासिक कादंबरीत समयांच्या प्रकाशात बसलेल्या प्रत्येक माणसाला आपण इतिहासात आहोत हे ठाऊक असतं, त्यामुळे तो साधं “जेवलात का?” असं विचारत नाही. आत्मचरित्र असेल तर वडील बाहेरून कडक आणि आतून मऊ, आई अडाणी पण शहाणी, आणि गुरुजी फी भरणारे. प्रस्तावनाकाराने पुस्तक वाचलेलं नाही हे दुसऱ्या परिच्छेदात कळतं, आणि त्याचा मला राग येत नाही, उलट आपुलकी वाटते. थोडक्यात, मला सगळं आधीच कळतं. हे शहाणपण आहे असं काही दिवस वाटलं. मग लक्षात आलं, की मंडईतला जुना दलालसुद्धा भेंडी न मोडताच भाव सांगतो, पण म्हणून तो घरी भेंडी खायची सोडत नाही.

या काळात मला खरा आधार दिला तो चार्ल्स डार्विनने. हा गृहस्थ तरुणपणी ‘बीगल’ जहाजावरून जग हिंडला तेव्हा किनाऱ्यावर उतरताना एकच पुस्तक बरोबर न्यायचं झालं, तर मिल्टनचं काव्य नेत असे. आणि म्हातारपणी, १८७६ साली लिहायला घेतलेल्या आत्मचरित्रात तो सरळ सांगून टाकतो, की आता मला कवितेची एक ओळ सहन होत नाही. शेक्सपियर पुन्हा वाचून पाहिला, तर तो इतका कंटाळवाणा निघाला की मळमळायला लागलं. शेक्सपियरने! आमच्याकडे एखाद्याने ‘ययाति’बद्दल असं लिहिलं असतं तर त्याच्या घरावर पत्रलेखकांचा मोर्चा गेला असता. डार्विनला कादंबऱ्या मात्र चालायच्या, पण घरच्यांनी मोठ्याने वाचून दाखवलेल्या आणि शेवट गोड असलेल्या. वाईट शेवट करणाऱ्यांविरुद्ध कायदाच करायला हवा, असं त्याचं मत होतं. हा कायदा महाराष्ट्रात लागू झाला, तर आपल्या ग्रंथालयांत पाकशास्त्र आणि पंचांग एवढंच उरेल.

त्याच्या मुलाने लिहून ठेवलेली आणखी एक गोष्ट तर फारच उत्तम आहे. जाड पुस्तक हातात धरायला जड जातं म्हणून डार्विन ते मधोमध कापून दोन तुकडे करायचा. चार्ल्स लायेल या मोठ्या भूगर्भशास्त्रज्ञालाही त्याने सांगितलं, की तुझं पुस्तक मला कापावं लागलं, आणि पुढची आवृत्ती लायेलने दोन खंडांत काढली असं डार्विन फुशारकीने सांगे. मी हे वाचल्यावर (हो, एवढं वाचलं) कपाटातलं ‘पानिपत’ हातात घेऊन पाहिलं. मधोमध कापलं आणि पहिलाच भाग ठेवला, तर मराठे अजून हरलेले नाहीत. कायदाही पाळला जातो आणि मनगटही दुखत नाही. बायकोने कात्री मागून घेतली म्हणून ते राहिलं.

तर सांगायचा मुद्दा असा, की रस गेला तरी बाकीचं सगळं जागच्या जागी शिल्लक होतं. अप्पा बळवंत चौकात सवलतीची पाटी दिसली, की पाय आपोआप वळायचे. घरी आल्यावर पहिल्या पानावर नाव, तारीख आणि ‘हडपसर, पुणे २८’ हे झोकदार अक्षरात लिहायचं. मग ब्राउन पेपरचं कव्हर. मग कपाटात जागा करण्यासाठी दुसरी तीन पुस्तकं आडवी ठेवायची. या कार्यक्रमात पुस्तक उघडण्याचा प्रसंग फक्त नाव लिहिण्यापुरता. वर्तमानपत्रातली कात्रणं कापून फायलीत लावायची सवय तशीच. कात्रणांवर कापल्याची तारीख आहे, पण पाठीमागचीच बाजू वर आल्यामुळे बऱ्याच फायलींत साड्यांच्या सेलच्या जाहिराती क्रमवार जमल्या आहेत. दिवाळी अंकांचंही तेच. ‘मनोरंजन’कर्त्या का. र. मित्रांनी १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा मराठी माणसाला फराळाबरोबर कथा-कविता मिळाव्यात असा त्यांचा हेतू होता. एवढ्या मोठ्या परंपरेतून मी आता वार्षिक राशिभविष्य वाचतो. त्यातही फक्त माझी रास आणि, सावधगिरी म्हणून, बायकोची.

वाचनालयातही मी दर शनिवारी जायचो. पुस्तक बदलायचं, पिशवीत घालायचं, घरी आणायचं, पुढच्या शनिवारी परत न्यायचं. माझ्यामुळे कित्येक चांगल्या कादंबऱ्यांचा हडपसर ते हडपसर प्रवास झाला आहे. काउंटरवरच्या ताई पुस्तक घेताना हमखास विचारायच्या, “कसं वाटलं काका?” मी सांगायचो, “चांगलं आहे, पण शेवट जरा घाईत केलाय.” हे वाक्य मी तुम्हालाही वापरायला देतो. कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन, समीक्षा, कशालाही चालतं. एकदा शब्दकोशाच्या बाबतीत तोंडातून गेलं. ताई म्हणाल्या, “हो ना, बरेच जण म्हणतात.”

आमच्या इमारतीखाली बाकावर संध्याकाळी आबा बसतात. आबांची जमीन साडेसतरा नळीच्या अंगाला होती. आता तिथे अठरा मजले आहेत आणि त्यातल्या एका मजल्यावरून आबांचा नातू त्याच जागेकडे बघत व्हिडिओ कॉलवर बोलतो. हडपसरला सवयी सोडायचा सराव आहे. मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास शेतकरी घरांनी चारशेहून जास्त एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली, आणि २००० च्या सुमारास उसाच्या जागी शहर उभं राहू लागलं. जमीन विकून मोकळं न होता जमिनीच्या प्रमाणात मालकी राखली, हे तर देशभरचे लोक येऊन बघून गेले. पिढ्यान्‌पिढ्यांचा ऊस आणि भाजीपाला या माणसांनी सोडला, आणि एकाच्याही मेव्हण्याने त्यांना ऑडिओवर शेती ऐकायला सांगितली नाही.

पण आबांकडे नीट पाहिलं तर सगळं सुटलेलं नाही. रात्री अडीच-तीनला त्यांना जाग येते, कारण एकेकाळी कालव्याच्या पाण्याची पाळी रात्री असायची आणि दारं धरायला जावं लागायचं. आता धरायला दार फक्त लिफ्टचं. ते खाली येतात आणि सोसायटीच्या लॉनवरचे फवारे बघत उभे राहतात. सकाळी माळी आला की त्याला सांगतात, “त्या कडंचा वाफा फुटलाय बघ.” माळ्याला वाफा म्हणजे काय ते माहीत नाही, तो रोपं नर्सरीतून आणतो. ढग आले की आबा हात डोळ्यांवर धरून पश्चिमेला बघतात, मग एकदम आठवल्यासारखं हात खाली घेतात. फ्लॅटचा आकार विचारला तर चौरस फुटांत सांगत नाहीत. “एक गुंठ्याला थोडं जास्त,” म्हणतात.

त्यांना मी माझी अडचण सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि डॉक्टर, बहीण, मित्र या कोणालाच जे सुचलं नव्हतं ते विचारलं.

“किती वर्षं चाललंय हे वाचन?”

“लहानपणापासून.”

“मग साहेब, तुमचं हे निडव्यावर आलंय. पहिली लागण जोरात येती. मग खोडवा. मग निडवा. त्याच्याम्होरं ऊस दिसतो हिरवा, पण रस नसतो, उतारा पडत न्हाय. आन माणूस पाणी देतच ऱ्हातो.”

“मग काय करायचं?”

“मोडायचा. रान मोकळं करायचं. काही दिस तसंच तापू द्यायचं.”

“आणि नंतर?”

आबांनी समोरच्या अठरा मजल्यांकडे पाहिलं. “नंतरचं मला इचारू नका.”

आता एवढा सल्ला मिळाल्यावर मोडायला घेणं भाग होतं. सुरुवात रद्दीवाल्यापासून केली. त्याने पुस्तकांचा ढीग पायाने जरा सरकवला आणि म्हणाला, “पुठ्ठा काढून द्या, पुठ्ठ्याचा भाव वेगळा.” तराजूत एका बाजूला मराठी समीक्षा पडली आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी वर्तमानपत्रं. इंग्रजीला किलोमागे जास्त मिळाले. मी त्याला म्हटलं, की ही समीक्षा अजिबात न वापरलेली आहे, पानंसुद्धा फाडलेली नाहीत. तो म्हणाला, “म्हणूनच ओल आली नाही, बरंय.” माझ्या संग्रहाबद्दल इतकं चांगलं याआधी कोणी बोललं नव्हतं. तरी पहिल्या पानावरचं नाव दिसल्यावर माझा हात अडखळला आणि अर्धा ढीग परत वर आला.

मग आबांनीच दुसरा उपाय काढला, एकत्रीकरणाचा. जमिनी एकत्र होतात तर पुस्तकं का नाहीत? सगळ्यांनी पुस्तकं क्लब हाउसच्या कपाटात आणून द्यावीत, सगळे भागीदार. सोसायटीच्या ग्रुपवर मी निवेदन टाकलं. अर्ध्या तासात सत्तावन्न अंगठे आले. रविवारी पुस्तकं यायला लागली, आणि तेव्हा मला कळलं, की आजारी मी एकटाच नाही. आमच्या सोसायटीतून जमा झालं ते असं: ‘मृत्युंजय’ खूप, ‘स्वामी’ बरेच, ‘पार्टनर’ घराघरांतून, इंजिनीअरिंग प्रवेशाची मार्गदर्शकं, लग्नात आलेली भगवद्गीता आवेष्टनासह, आणि श्रीमंत कसं व्हावं याचं मराठी भाषांतर, ज्यांच्याकडे दोन पार्किंग आहेत अशा प्रत्येक घरातून. देताना प्रत्येक जण म्हणाला, “आमच्याकडे फार वाचन आहे हो, जागाच नाही.” कपाट भरलं. नेण्यासाठी एकही माणूस आला नाही. सगळे भागीदार, पण पीक कोणालाच नको होतं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम घालून दिले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. आमच्या कपाटाने तो एवढा एकच नियम पाळला, पण काटेकोर पाळला.

अपवाद रात्रपाळीच्या सिक्युरिटीतला एक मुलगा. लातूरकडचा, एमपीएससी करतो. त्याने कपाट वरपासून खालपर्यंत नजरेखालून घातलं आणि विचारलं, “काका, यात लक्ष्मीकांत नाही का?” तो पॉलिटीचं जाड पुस्तक शोधत होता. नव्हतं. मी त्याला खालच्या फळीवरचे, माझेच परत आलेले अर्नाळकर दाखवले. त्याने मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, “सिलॅबसमध्ये आहे का?” नाही म्हटल्यावर त्याने जागेवर ठेवलं. नंतर दोन दिवसांनी मध्यरात्री कुठलीशी गाडी गेटबाहेर दहा मिनिटं हॉर्न वाजवत उभी होती, अशी तक्रार ग्रुपवर आली. सिक्युरिटी केबिनमध्ये दिवा चालू होता आणि माणूसही जागा होता, असं तक्रारीत होतं. मी त्या तक्रारीवर काही मत दिलं नाही.

आषाढी वारीत मात्र माझ्या सगळ्या हिशेबाला धक्का बसला. ज्ञानोबांची आणि तुकोबांची, दोन्ही पालख्या पुण्यातून निघून हडपसरपर्यंत येतात. इथे वाटा फुटतात, एक दिवेघाटाकडे सासवडला, दुसरी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. त्या दिवशी गाडीतळाला फ्लेक्ससुद्धा कमी दिसतात, कारण माणसंच इतकी असतात. रस्त्याकडेला एक मावशी पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर हरिपाठाचं छोटं पुस्तक, कोपरे वळलेलं, बांधणी सुतळीने शिवलेली. ओठ चालू होते आणि नजर भलतीकडेच, केळी वाटणाऱ्या मंडळाकडे. मी चहाचा कप पुढे करत म्हटलं, “मावशी, चष्मा विसरलात काय?”

“चष्मा कशाला? मला वाचाया कुठं येतंय!”

“मग पुस्तक?”

“हातात असलं की बरं वाटतं,” असं म्हणून त्यांनी केळ्यांच्या दिशेने हात वर केला.

मी घरी येऊन ब्राउन पेपर घातलेलं एक पुस्तक हातात घेऊन गॅलरीत बसून पाहिलं. अर्धा तास बसलो. बरं वाटलं हे खरंच. पण मावशींना त्यातलं सगळं पाठ होतं आणि मला कव्हरखाली कोणतं पुस्तक आहे तेही आठवत नव्हतं, एवढा फरक राहिला.

दानियल पेनाक नावाच्या फ्रेंच लेखकाने १९९२ मध्ये वाचकांच्या हक्कांची यादी केली. त्यात पहिलाच हक्क न वाचण्याचा आहे आणि तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा. पेनाक स्वतः शाळेत शिकवायचा, म्हणजे बोलतो ते पोरांना बघूनच. मला ही यादी उशिरा मिळाली, पण हक्क हातात आल्यावर बजावायला हवा म्हणून मी एका शनिवारी वाचनालयाचं सभासदत्व बंद करायला निघालो. बाकी ब्राउन पेपर गेला होता, कात्रणं गेली होती, एवढंच राहिलं होतं.

ताईंनी फॉर्म दिला. नाव, सभासद क्रमांक, डिपॉझिटची रक्कम, आणि खाली एक ओळ: ‘सभासदत्व बंद करण्याचे कारण’. मी पेन उघडून बसलो. ‘रस गेला’ असं लिहावं तर ताईंना वाईट वाटेल. ‘स्थलांतर’ लिहावं तर पुढच्याच शनिवारी मी समोरच्या दुकानात दूध घेताना दिसणार. विचार करता करता परत द्यायच्या पुस्तकाची पानं चाळली. आठवडाभर घरी होतं, पण उघडायची ही पहिलीच वेळ. चाळीसाव्या पानाच्या समासात बारीक पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ‘इथून पुढे वीस पाने सोडली तरी चालेल.’

मी वीस पानं सोडली. तिथे होतं: ‘सांगितले होते ना.’

मग मी खुर्चीतच नीट मागे टेकलो. हा कोणी सभासद होता, आणि त्याने पुस्तक कडेला बसून वाचलं होतं, माझ्या खांद्यावरून वाचणाऱ्या त्या फिटरसारखं. ‘हे याच्या बायकोला आधीपासून माहीत असणार.’ ‘लेखक पुण्याच्या पूर्वेला कधी आलेला नाही.’ ‘बैल विकणार.’ आणि तीस पानांनंतर, फक्त एक टिकमार्क. शेवटच्या पानावर ‘ठीक’ एवढं लिहून त्याच्यापुढे तारीख होती, आणि तारखेपुढे ‘दुपारी’.

फॉर्म मी घडी करून खिशात घातला आणि ताईंना विचारलं, की पेन्सिलीने खुणा केलेली अजून पुस्तकं असतील तर द्याल का. त्या म्हणाल्या, “असली तर असू देत, चालवून घ्या काका.” त्यांनी दोन काढून दिली. त्या आठवड्यात मी दोन्ही वाचून काढली, म्हणजे आधी समास आणि मग, भांडण कशावरून आहे ते कळावं म्हणून, मधला मजकूर. पुढच्या शनिवारी आणखी दोन. एका ठिकाणी त्याने इतकं बरोबर लिहिलं होतं, की मला राहवलं नाही.

परवा पुस्तकं परत करायला गेलो तर ताई खोडरबर घेऊन बसल्या होत्या. समोर ढीग.

“बघा ना काका, काय लोक असतात. वर्षानुवर्षं एक जण पुस्तकांत लिहितोय. सापडला तर डिपॉझिट जप्त करणार आहोत. तो निदान काहीतरी मुद्द्याचं तरी लिहायचा. आता दुसराच कोणीतरी सुरू झालाय, प्रत्येक ठिकाणी त्याच्याखाली नुसतं ‘सहमत’, ‘सहमत’ लिहून ठेवतो.”

“काय सांगता!” मी म्हणालो.

“तुमचं बोला. हे कसं वाटलं?”